गव्हाचा तांबेरा आणि 'शून्य' लिहिण्याची घाई: बीजपैदाशीत या चुका टाळा

पान स्वच्छ दिसलं की लगेच 'प्रतिकारक्षम' लिहून मोकळं होणं ही गव्हाच्या बीजपैदाशीतली सगळ्यात महागडी चूक आहे, आणि दर हंगामात कोणीतरी ती करतंच. पान स्वच्छ राहायला कारणं अनेक असतात. तांबेरा हा बुरशीचा रोग; तिचे बीजाणू पोचलेच नसतील. पोचले असतील, पण रात्री दव पडलं नसेल. पानावर काही तास ओल टिकली नाही तर तांबेऱ्याचा बीजाणू रुजत नाही. किंवा ओळ (म्हणजे चाचणीतला गव्हाचा वंश) इतकी लवकर पिकणारी असेल, की रोग जोर धरेपर्यंत तिचे दाणे भरूनही झालेले असतील. यातलं एकही कारण प्रतिकारकतेचं नाही.

एका बियाणे कंपनीतला हुशार मुलगा अशीच एक ओळ घेऊन आला होता. पानावरचा नारिंगी तांबेरा दोन्ही हंगामांत शून्य. मी विचारलं, "तुझ्या इन्फेक्टर ओळींवर किती होता?" त्याला आठवेना. वही चाळली तर तिथे नोंदच नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. रोग पसरवण्यासाठी लावायच्या बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी त्यांनी कडेला पेरल्या होत्या, जिथे पाटाचं पाणी धड पोचत नव्हतं. बीजाणूंची फवारणी भर दुपारी उरकलेली, कारण संध्याकाळी मजूर थांबत नाहीत. म्हणजे शेतात रोगच नव्हता. आमच्याकडे इन्फेक्टरच्या ओळींमध्ये तीच ओळ लावली, तर फेब्रुवारीत तिची नोंद 60एस झाली, म्हणजे 60 टक्के पान तांबेऱ्याने व्यापलेलं आणि ओळ पूर्ण बळी पडणारी. त्याहून वाईट म्हणजे तोवर ती प्रतिकारकता देणारी दाता म्हणून संकरात वापरली गेली होती, आणि चौथ्या पिढीपर्यंत पोचलेलं सगळं साहित्य मोडीत निघालं. संध्याकाळच्या फवारणीसाठी मजुराला दोन तास जास्तीचे पैसे दिले असते, तर ती वर्षं वाचली असती.

माझी सवय साधी आहे. वाफ्यात शिरल्यावर आधी इन्फेक्टरची ओळ बघायची आणि तिची नोंद वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहायची. ती 60एसच्या खाली असेल, तर त्या दिवशी कुठल्याही ओळीला 'प्रतिकारक्षम' म्हणायचं नाही. बीजाणू टाल्क पावडरीत मिसळून किंवा पाण्यातून, नेहमी सूर्य मावळताना आणि पाणी दिलेल्या रानातच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पानाला हात लावून ओल आहे का ते स्वतः पाहायचं. रोगाला अनुकूल जागाही हवी. महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र किंवा निलगिरीतलं वेलिंग्टन अशा थंड, दमट ठिकाणी ओळी पाठवायच्या त्या यासाठीच.

दुसऱ्या चुकीचा मला मनापासून राग येतो: थोडा तांबेरा दिसला की ओळ उपटून टाकणं. नवख्यांना शून्यच हवा असतो. शून्य देतं ते बहुधा एखादं मोठं जनुक, आणि बुरशी नेमकं तेच जनुक मोडते. राय या धान्यातून गव्हात आलेल्या गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर एसआर-31 (काळ्या तांबेऱ्याविरुद्ध), एलआर-26 (पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याविरुद्ध) आणि वायआर-9 (पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध) ही तिन्ही प्रतिकारक जनुकं होती. जगभरच्या वाणांत हा तुकडा गेला. आपल्याकडे 1995 साली प्रसारित झालेल्या, उत्तर भारतात लाखो हेक्टरवर पसरलेल्या पीबीडब्ल्यू 343 या वाणातही तो होता. पुढे पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी तो वाण गाठला. आणि काळ्या तांबेऱ्याविरुद्ध कितीतरी वर्षं टिकलेलं एसआर-31 युगांडातल्या यूजी-99 या काळ्या तांबेऱ्याच्या प्रकाराने भेदलं.

याउलट एलआर-34 सारखं जनुक तांबेरा थांबवत नाही, त्याचा वेग मारतं. फोड उशिरा येतात, कमी आणि लहान येतात. एकट्याने ते पुरत नाही. पण अशी चार-पाच जनुकं एकत्र आली तर पान जवळपास स्वच्छ राहतं, आणि बुरशीला ती तोडणं अवघड जातं. या जनुकाची खूण म्हणजे मोठ्या झाडाच्या पानाचं टोक वाळतं. खत कमी पडलं म्हणून किंवा पाण्याचा ताण बसला म्हणून अशा ओळी बाद केलेल्या मी पाहिल्या आहेत. काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या एसआर-2 चं तसंच. खपलीच्या कुळातल्या एमर गव्हातून आलेल्या या जनुकामुळे ओंबीच्या तुसांवर आणि पेऱ्यांवर काळपट छटा येते. तिला रोग समजून लोक चांगली झाडं उपटतात, तेही घाईघाईने, कोणाला न विचारता.

आकड्यांनाही उगाच घाबरतात. 40एमआर आणि 20एमएस या दोन नोंदी घ्या. एमआर म्हणजे मध्यम प्रतिकारक, गुणक 0.4; एमएस म्हणजे मध्यम बळी पडणारी, गुणक 0.8. टक्केवारीला गुणकाने गुणलं की दोन्हींचा रोगगुणांक 16 च. पण 40 आकडा बघून पहिली ओळ फेकली जाते. शिवाय एकदाच केलेल्या नोंदीवरून वेग कळत नाही. ध्वजपान, म्हणजे ओंबीखालचं शेवटचं पान, बाहेर पडल्यापासून दर आठवड्याला त्याच ओळी बघा. मी वहीतलं मागच्या आठवड्याचं पान झाकून ठेवतो, नाहीतर हात जुनाच आकडा लिहितो.

फक्त रोपावस्थेत चाचणी करून निर्णय घेऊ नका. एलआर-34 तिथे बहुधा दिसतच नाही.

मार्कर (जनुक ओळखायची डीएनएतली खूण) आला म्हणजे प्रतिकारकता आली, असं धरून वाफ्यात जाणं सोडू नका. जनुकाशेजारचा मार्कर पिढीगणिक सुटू शकतो.

शेजारच्या वाफ्यात बुरशीनाशक फवारणार असतील, तर वाऱ्याची दिशा पाहा आणि नोंदवहीत लिहा.

आणि ज्या ओळीवर यंदा अचानक फोड आले, तिची पानं तशीच सोडून देऊ नका. नवा प्रकार आला असेल तर तो आधी तिथेच दिसतो. फोड असलेली पानं सावलीत सुकवून कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तिथे ती कुजतात. वाणाचं नाव, गाव आणि तारीख पाकिटावर लिहा आणि ते सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे पाठवा. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्याचं काम तिथे होतं, आणि पुढच्या हंगामात कुठल्या जनुकावर भरवसा ठेवायचा हे त्या उत्तरावर ठरतं.