पीआरमध्ये (म्हणजे जनसंपर्काच्या कामात) "हे पाठवायचं का?" ते कसं ठरवायचं

सरळ खोटं लिहा असं क्लायंट फार क्वचित सांगतो, खरी गोची अर्धसत्यात असते. समजा कंपनीचा डेटा लीक झालाय, ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते बाहेर गेलेत, आणि वरून ड्राफ्ट येतो, "आमच्या एकाही ग्राहकाच्या पैशांना धक्का लागलेला नाही." वाक्य शब्दशः खरं आहे, पण वाचणारा समजणार की काही झालंच नाही, तो गाफील राहणार आणि उद्या त्याच नंबरवर भामट्याचा फोन आला की फसणार. म्हणून प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायचे, हे खरं आहे का, आणि हे वाचून माणूस जे समजेल ते खरं आहे का. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असं आलं तर वाक्य बदला: "फोन नंबर आणि पत्ते बाहेर गेलेत, पैसे सुरक्षित आहेत, कुणालाही ओटीपी देऊ नका." बास, एवढंच लागतं.

डोक्यात गोंधळ असेल तर हार्वर्डच्या राल्फ पॉटर यांची चार पायऱ्यांची पद्धत वापरा, तिला पॉटर बॉक्स म्हणतात. आधी नेमकं काय घडलंय ते, मग कोणती मूल्यं पणाला लागलीत, मग कोणतं तत्त्व लावायचं आणि शेवटी आपली निष्ठा कुणाशी. मधल्या दोन पायऱ्यांवर फार अडत नाही. लोक घसरतात ते पहिल्या पायरीवर (क्लायंटने सांगितलं तेच फॅक्ट धरून बसतात, टेक्निकल टीमला एक फोनसुद्धा करत नाहीत) आणि शेवटच्या, कारण पगार एकजण देतो आणि नुकसान भलत्याचंच होतं. त्या मीटिंगमध्ये नसलेल्या माणसाच्या बाजूने तुम्हीच बोलायचं असतं, दुसरं कुणी बोलणार नाही.

पैसे कोण देतंय हे लपवायची वेळ आली तर तिथेच थांबा. 1990 मध्ये एका 15 वर्षांच्या मुलीने अमेरिकन खासदारांसमोर इराकी सैनिकांनी कुवेतच्या हॉस्पिटलमधल्या बाळांना इनक्युबेटरमधून बाहेर काढलं अशी साक्ष दिली, ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी आहे आणि मागे हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीची मोहीम आहे हे लोकांना 1992 मध्ये कळलं. पीआरच्या सुरुवातीच्या काळातले अमेरिकन आयव्ही ली यांनी तर 1906 मध्येच पेपरवाल्यांना लिहून दिलं होतं की आमचं सगळं काम उघडपणे चालतं, म्हणजे हा नियम काही आजचा नाही.

आता नाही कसं म्हणायचं. "हे अनैतिक आहे" म्हणालात की समोरचा चिडतो आणि विषय तिथेच मिटतो, त्यापेक्षा पर्यायी ड्राफ्ट हातात घेऊनच जा आणि धोका दाखवा. बेल पॉटिंजर या ब्रिटिश पीआर कंपनीचं उदाहरण द्या, दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाला खतपाणी घालणारी मोहीम केली म्हणून 2017 मध्ये ब्रिटनमधल्या पीआर संघटनेने त्यांना काढून टाकलं आणि काही दिवसांतच अख्खी कंपनी बुडाली. तुमचं म्हणणं ईमेलवर लिहून ठेवा, तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही. तरीही ऐकत नसतील तर त्या कामावरून स्वतःला बाजूला काढा, अवघड आहे, नोकरीचा प्रश्न असतो, हे मला कळतं, पण तुमच्या शब्दावर पत्रकार विश्वास ठेवतात आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

आणि चुकीचं काही आधीच बाहेर गेलं असेल तर पोस्ट गुपचूप डिलीट करू नका, ज्यांना पहिली प्रेस नोट पाठवली त्याच सगळ्यांना दुरुस्ती पाठवा आणि काय चुकलं होतं ते पहिल्याच ओळीत लिहा.