गावात सोलर प्लांट येतोय? सही करायच्या आधी सगळ्या गावाचं मत असं गोळा करा

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत हे सारखं दिसून राहिलं. सबस्टेशनच्या आजूबाजूच्या गावात पांढरी गाडी येते, दोन पोरं उतरतात, मोबाईलमध्ये गट नंबर आधीच काढलेले असतात आणि चहा पिता पिता विचारतात, "भाऊ, वावर द्याचं का सोलरले?" मग आठ दिवसांत गावाचे दोन तुकडे होतात. ज्याचं बरड, म्हणजे हलकं मुरमाड वावर आहे तो म्हणतो देऊन टाकू, ज्याचं काळं भारी आहे तो म्हणतो मेलो तरी देत नाही, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला कोणी विचारतच नाही. आमच्या गावात असंच झालं, पहिली दहा संमतीपत्रं सहीनिशी गेली तेव्हा अर्ध्या गावाला माहीतच नव्हतं की प्रकल्प किती एकराचा आहे. नंतर आम्ही काही जण घरोघरी फिरलो, तेव्हा कुठे खरं चित्र समजलं. ते कसं केलं ते लिहितो, कोणाच्या तरी कामी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बरडावर, मुरमाड जमिनीवर, भाड्याने प्लांट आला तर माझी ना नाही, दिवसा वीज कोणाला नको आहे, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला मीही गेलोय. पण तुरी-कपाशीच्या काळ्या वावरावर तो येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तरी मत गोळा करायला गेलो तेव्हा हे मत घरी ठेवून गेलो, नाहीतर लोक आपल्याला जे ऐकायचंय तेच सांगतात.

आणि हे काम गावानेच का करायचं? कोळसा खाण नाहीतर औष्णिक केंद्र आलं की जनसुनावणी होते, चंद्रपूरकडच्या लोकांना ते चांगलं माहीत आहे. सोलर प्लांटला २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. म्हणजे बाहेरून कोणी अधिकारी येऊन गावाला "तुमचं काय म्हणणं आहे" असं विचारणार नाही, आपणच विचारायचं.

सगळ्यात आधी प्रकल्प कोणता ते पक्कं करा, कारण सोलर म्हटलं की सगळे एकच समजतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचं २.० आलं, त्यात शेतीच्या फीडरला (शेतीपंपांच्या वीजलाईनला) दिवसा वीज द्यायची म्हणून सबस्टेशनजवळ प्लांट लागतात, जमीन भाड्याने घेतात, दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार म्हणजे एकरी साधारण ५० हजार, त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे ३ वर्षे. दुसरा प्रकार म्हणजे खासगी कंपनीचा मोठा प्लांट, शेकडो एकराचा, त्याची वीज लांब कुठेतरी जाते, तिथे दर आणि अटी कंपनी ठरवते आणि गावाच्या मोटारीला त्याचा काही फायदा असेलच असं नाही. एक मेगावॅटला चार-पाच एकर धरा, मग एजंट "छोटा प्रकल्प आहे" म्हणाला तरी किती मेगावॅट ते विचारलं की एकर निघतात. कंपनीचं पत्र, मेगावॅट, गट नंबरांची यादी आणि वीज कोणत्या सबस्टेशनला जाणार, हे चार कागद मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका. देत नसतील तर ग्रामपंचायतीत नाहीतर वीज कंपनीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत.

मग गावाचा नकाशा घ्या, महाभूनकाशावर मिळतो, झेरॉक्सवाल्याकडून मोठा काढा आणि यादीतले गट लाल पेनाने रंगवा. हे एवढं केलं तरी निम्मी चर्चा बदलते, आमच्या पारावर तो कागद पसरला तेव्हा पहिल्यांदा लोकांना दिसलं की मधले चार गट कोणी दिले नाहीत तरी ते चारही बाजूंनी कुंपणात अडकतात, पांदण रस्ता (वावरात जायची वाट) मधूनच जातो, आणि वरच्या धुऱ्याचं (बांधाचं) पाणी ज्या नाल्यात उतरतं तो नालाही त्याच पट्ट्यात आहे.

त्याच वेळी जमिनीचा प्रकार बघून घ्या. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आदिवासी बांधवाची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं, बिगरआदिवासीला भाड्याने द्यायलासुद्धा आधी कलेक्टरची मंजुरी, आणि तीही ५ वर्षांच्या आतल्या भाड्यासाठी, त्याच्यापुढे सरकारची मान्यता लागते, त्यामुळे कोणी कोलाम किंवा गोंड शेतकऱ्याला पंचवीस वर्षांच्या कागदावर अंगठा लावायला सांगत असेल तर तिथेच थांबवा. ई-क्लासची, म्हणजे गावाची पडीक-चराईची जमीन असेल तर ती सरकारची आहे हे खरं, पण निस्तार पत्रकात गावाचा चराईचा, सरपणाचा हक्क लिहिलेला असू शकतो, तलाठ्याकडून नक्कल काढा. आणि महसुली कागदावर झुडपी जंगल असेल तर सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये ते वनजमीन धरलं आहे, ते असं सहज कोणाला देता येत नाही.

आता खरं काम, फिरायचं. तीन-चार जणांची टोळी करा, त्यात एक तरी बाई पाहिजे, एक तरी भूमिहीन पाहिजे, आणि एजंटकडून कमिशन घेणारा कोणी नको. वेळ संध्याकाळची धरा, जेवणाच्या आधीची, सोंगणी-वेचणीच्या दिवसात दुपारी घरी म्हातारीशिवाय कोणी भेटत नाही. सरपंचाच्या घरी सगळ्यांना बोलावून मत विचारू नका, तिथे बोलणारे तेच पाच जण बोलतात.

"सोलर पाहिजे का नको" असा प्रश्न टाकू नका. हो नाहीतर नाही येतं आणि विषय संपतो. आम्ही असं विचारायचो, त्या पट्ट्यात तुमचं वर्षभरात काय काय होतं? मग लोक बोलायला लागतात. एक काकू म्हणाल्या, "आमच्या नावावर धुराही नाही, पण जूनपासून निंदण, मग वेचणी, त्या वावरानं माह्या घरात संक्रांतीपर्यंत पैसा येते, ते मक्त्याचे पन्नास हजार मालकाच्या खात्यात जातीन, मले कोण देईन?" या प्रश्नाला अजूनही माझ्याकडे धड उत्तर नाही. प्लांट बांधताना काही महिने काम मिळतं, नंतर वॉचमन, गवत कापणं, पॅनल धुणं एवढंच उरतं, आणि त्याला पन्नास बाया लागत नाहीत. म्हणून रोजगाराबद्दल लेखी विचारा, किती माणसं, कायम की ठेकेदाराची, आणि गावातलीच का.

मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचं वावर वर्षाच्या ठरलेल्या पैशावर करणाऱ्यांना वेगळं भेटा. पाडव्याला तोंडी ठरलेला मक्ता सातबारावर नसतो, त्यामुळे मालकाने सही केली की त्याचं पीक करणं एका दिवसात बंद, आणि तो कोणत्याच यादीत येत नाही. गुराख्याला भेटा, त्याच्याइतकं गावाच्या वाटा कोणाला माहीत नसतात, आमच्याकडे त्यानेच सांगितलं की मार्चनंतर गुरांना पाणी कुठे मिळतं, आणि ते ठिकाण नेमकं लाल पेनाच्या आत होतं. शेजारच्या धुऱ्याच्या शेतकऱ्याला भेटा, कारण त्याला भाडं काहीच नाही पण रोही (नीलगाई) आणि डुकरं कुंपणाला अडून त्याच्या वावरात वळतील ही त्याची भीती आहे आणि ती मला खरी वाटते. ज्यांच्या वावरातून सबस्टेशनपर्यंत लाईनचे खांब जाणार त्यांनाही विसरू नका. आणि बहिणी, राजेहो, सातबारावर नाव असलेल्या लग्न झालेल्या बहिणींना फोन करून विचारा, भावाने एकट्याने सही केली आणि नंतर तक्रार झाली की नातंही जातं, भाडंही अडकतं.

जे द्यायला तयार आहेत त्यांना गद्दार ठरवू नका, हे फार महत्त्वाचं. ज्याची मुलं पुण्याला आहेत, गुडघे गेलेत, सात एकर बरडावर दरवर्षी सोयाबीनला लावलेला पैसा निघत नाही, त्याला एकरी ५० हजार ठरलेला पैसा म्हणजे काय असतं ते त्याच्या ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही. त्याचंही म्हणणं तसंच्या तसं लिहा. आम्ही प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दात वहीत लिहिलं, परत वाचून दाखवलं आणि सही किंवा अंगठा घेतला. नाव नको म्हणाला तर नाव लिहिलं नाही, फक्त मजूर, मक्तेदार, शेतमालक एवढंच.

हिशोब मात्र सगळ्यांसमोर करा, फळ्यावर. एका एकराचा पाच वर्षांचा खरा खर्च-उत्पन्न घ्या, ज्याने डायरी ठेवली त्याचा, आठवणीतला नको. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता, बरडावर एकरी किती क्विंटल येतो आणि काळ्यात किती हे तुमचं तुम्हाला माहीत, बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा करा. बरडाचा आणि काळ्याचा आकडा इतका वेगळा निघतो की एकच भाव सगळ्या गावाला लावणं चूक आहे हे आपोआप दिसतं. आणि ती ३ टक्के वाढ मूळ रकमेवर की चढत्या रकमेवर, हे विचाराच. ५० हजारांवर मूळ धरून वाढ दिली तर पंचविसाव्या वर्षी ८६ हजार होतात, चक्रवाढीने धरली तर १ लाखाच्या वर. एकरी १५ हजारांचा फरक, फक्त एका शब्दाने.

वही भरली की ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती खरोखर घ्यायला लावा, रजिस्टरवरची नको. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा पहिल्याच सभेला माणसं आणा, नाहीतर पंधरा जणांत ठराव होऊन जाईल. दवंडी द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, ट्रॅक्टर पाठवा. सभेत वहीतली मतं वाचून दाखवा आणि मग ठराव अटींसकट लिहा. "प्रकल्पास मान्यता" एवढीच ओळ असली तर ती पुढे कशालाही वापरता येते. आमच्या ठरावात होतं ते असं: काळ्या जमिनीचे हे हे गट वगळावे, पांदण बारा महिने चालू राहावी, नाल्याचं पात्र बदलू नये, पॅनल धुवायला गावाच्या पिण्याच्या विहिरीजवळ बोअर मारू नये, रोजगार आधी गावातल्या भूमिहीनांना. प्रोसिडिंगची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. पेसा गावात, म्हणजे आदिवासी भागातला ग्रामसभेचा वेगळा कायदा लागू आहे तिथे, ग्रामसभेचं वजन आणखी जास्त आहे, ते वापरा.

जे भाड्याने देतीलच त्यांच्या करारात गावाने मदत करावी, एकट्याला तालुक्याला पाठवू नये. करार मराठीत मागा आणि रजिस्टर्ड करा, एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. बरेच करार २९ वर्षांचे असतात, कारण त्याच्यापुढे मुद्रांक शुल्क वाढतं, तर आपल्याला २५ सांगितले होते आणि कागदावर २९ आहेत का ते बघा. भाडं थकलं तर किती दिवसांत जमीन परत, कंपनी दुसऱ्याला प्रकल्प विकेल तेव्हा आपला करार कोणाशी, आणि आपल्या मालकीवर कंपनीला कर्ज काढता येणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. मुदत संपल्यावर पॅनल, लोखंड, सिमेंटचे पाये कोण काढणार आणि त्यासाठी आधी डिपॉझिट किती, हेही. पॅनल आता २०२२ च्या ई-कचरा नियमात येतात, ते नाल्यात फेकून जाता येत नाही. खाली पीक घ्यायचं असेल, हळद, चारा, नाहीतर नुसत्या मेंढ्या चारायच्या असतील तर पॅनलची उंची आत्ताच ठरते, खांब गाडल्यावर नाही.

सरकारने जमीन संपादित करायची म्हटली तर गोष्ट वेगळी. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील, त्यांची पाच एकर सौर प्रकल्पासाठी गेली, मोबदला साधारण चार लाख, शेजाऱ्याला कितीतरी जास्त. दाद मागत मागत जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि त्याच महिन्यात ते गेले, वय ८४. त्यांची आठवण ठेवून सांगतो, संयुक्त मोजणीच्या (सरकारी खाती मिळून जमीन मोजतात त्या) दिवशी घरी बसू नका. प्रत्येक झाड, विहीर, पाईपलाईन, धुरा पंचनाम्यात आला का ते उभं राहून बघा, राहिलं असेल तर सही करताना "हरकतीसह" लिहा आणि पोच घ्या.

आणि काम सुरू व्हायच्या आधीच्या पावसात एक दिवस छत्री घेऊन निघा, पाणी कोणत्या धुऱ्यावरून कुठे उतरतं त्याचे मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारीख-वेळ आणि लोकेशन चालू ठेवून. पुढच्या वर्षी सपाटीकरण झाल्यावर खालच्याच्या कपाशीत पाणी साचलं तर तो पुरावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता, आणि दोन जणांची सोयाबीन पाण्यात उभी राहिली तेव्हा आधी पाणी कुठून जात होतं हे सांगायला आमच्याकडे गुराख्याच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.