ब्रह्मगिरीची फेरी, उपवास आणि शुगरची गोळी

शुगर वाढली की सगळं घर मागे लागतं, पण लो झालेली बऱ्याच जणांना कळतच नाही, आणि खरी घाई तिथेच करायची असते. मीटरवर ७० च्या खाली म्हणजे लो. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, वखवखल्यासारखी भूक लागते. ५४ च्या खाली गेली की मेंदूलाच साखर पुरत नाही, मग माणूस भलतंच बोलतो, चिडतो, वर 'मला काही झालं नाही' म्हणून हातातला ग्लास ढकलून देतो. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

आता आपल्या नाशिककरांचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी, त्यात उपवास, आणि सकाळी सवयीने गोळी घेतलेली. ती ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, नाहीतर इन्सुलिन, तर पोटात काही असो नसो शुगर खाली आणणारच, वर चालणं वेगळं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. म्हणून उपवासाच्या आधी डॉक्टरांना डोस विचारून घ्या, मनानेच गोळी बंद करू नका.

लो वाटलं की जागेवर बसा. मशीन असेल तर चेक करा, नसेल तर शोधत बसू नका. ग्लुकोज पावडर सपाट नाही, चांगले भरून चहाचे ३ चमचे पाण्यात, किंवा तेवढीच साखर, किंवा अर्धा कप गोड कोल्ड्रिंक, डाएटवालं नाही हां. १५ मिनिटं थांबा, परत चेक करा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच द्या. सीझनला १५-१६ द्राक्षंही चालतात, आपल्याकडे काय कमी आहे. पण पेढा नको! पिशवीत प्रसाद असतो म्हणून लोक तोच भरवतात, खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेटचं पण तेच. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही, ग्लुकोजच लागतं, त्यामुळे खिशात पुडी ग्लुकोजचीच ठेवा ना सरळ.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबभरही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ लावा.

शुगर वर आली की राजगिरा लाडू, केळं असं काहीतरी पोटात घाला, उपवास मोडला तरी चालेल. ग्लिमेपिराइडवाल्यांची काही तासांनी परत पडू शकते, किडनीचा त्रास असेल तर जास्तच, त्यांना दवाखान्यात दाखवाच, रात्री एकटं झोपू देऊ नका. आणि नाशिकला परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या, कोणीच नसेल तर शुगर नीट आल्यावरही पाऊण तास थांबून, परत एकदा चेक करून मगच किक मारा.