ऊस लावू नका म्हणलं तर कोण ऐकतंय? धोरणावर पटेल असं लिहायचं कसं

माझा पहिला लेख मी आमच्या तात्यांना वाचून दाखवला होता. तात्या म्हणजे चुलते, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात चार एकर ऊस, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. लेखाचं नाव 'ऊस थांबवा, जत वाचवा'. कृष्णेचं पाणी उसात मुरतंय, नदीकाठची रानं क्षारपड होत चाललीत, तिकडं जिल्ह्याच्या दुष्काळी जत-आटपाडीला टँकरची वाट बघतायत, तेव्हा शेतकऱ्यांनी आता तरी शहाणं व्हावं, असं सगळं झोकात लिहिलेलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणले, "झ्याक लिवलंयस. आता ऊस नको तर काय लावू ते सांग, ते घेणार कोण ते सांग, आणि पैसं किती दिवसांत येणार ते बी सांग."

तिन्हीतलं एकाचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं. सात-आठशे शब्द लिहून झालेले आणि ज्याच्या रानाबद्दल लिहिलं त्याचा एक प्रश्न त्यात नाही.

तर ज्यांना कुणाला सरकारी धोरणावर, म्हणजे पाणी, शाळा, रस्ते, पूररेषा, कशावरही असं लिहायचंय की वाचणाऱ्याचं मत जरा तरी हलावं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी काय मोठा लेखक नाही, पण पेपरात पत्रं, ग्रामसभेत ठराव, हरकती-सूचना असलं लिहून लिहून ज्या चुका केल्यात त्या तुम्ही परत करू नका एवढंच.

सगळ्यात आधी, लिहायला बसण्याच्याही आधी, नाही म्हणणारा माणूस शोधा. आपल्याला टाळी देणारे मित्र नकोत, ते कट्ट्यावर भडंग खात "एकच नंबर भावा" म्हणतात आणि विषय संपतो. ज्याचं नुकसान होणार आहे असा माणूस पाहिजे. त्याच्याकडं जाऊन त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, आणि ते इतकं नीट लिहायचं की त्यानं वाचून म्हणावं, "व्हय, हेच म्हणायचंय मला." हे जमेपर्यंत आपली बाजू लिहायलाच घ्यायची नाही. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी कमाई इथंच आहे.

उसाचंच बघा. आळशी पीक, श्रीमंतांचं पीक, पुढाऱ्यांचं पीक असं बोलायला सोपं जातं. पण तात्यांच्या बाजूनं बघितलं तर उसाला एफआरपी म्हणजे ठरलेला किमान दर आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हे कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात १४ दिवसांत किती वेळा येतात यावर तात्या वेगळं भाषण देतील ते सोडा, पण भांडायला कागद तरी आहे. सोयाबीनला, तुरीला हमीभाव जाहीर होतो, तो प्रत्यक्षात कुणाला मिळतो ते मार्केट यार्डात एक दिवस उभं राहून बघा. द्राक्षाला एक गारपीट पुरते. ऊस थोडंफार पाणी साचलं तरी तग धरतो, चार दिवस लक्ष नाही दिलं तरी उभा राहतो. म्हणजे तात्या ऊस लावतायत ते पाण्याची पर्वा नाही म्हणून नाही, दुसरं कुठलं पीक एवढी खात्री देत नाही म्हणून. हे लिहिलं की लेखाचा प्रश्नच बदलतो. 'शेतकरी शहाणा कधी होणार' हा प्रश्न गेला आणि 'उसाइतकी खात्री दुसऱ्या पिकाला किंवा वाचवलेल्या पाण्याला कशी देता येईल' हा आला, आणि हा प्रश्न तात्यांना पण पडलेला आहे. आता आपण दोघं एका बाजूला बसलोय.

दुसरी गोष्ट, मागणी एकच ठेवा आणि ती कुणाच्या टेबलावर जाणार ते ठरवा. आपल्याकडच्या निवेदनांत एक 'संबंधित' नावाचा माणूस असतो. संबंधितांनी लक्ष द्यावे, संबंधितांवर कारवाई व्हावी. हा संबंधित आजपर्यंत कुणाला भेटलेला नाही. 'व्हावे', 'झाले पाहिजे', 'काळाची गरज आहे' अशी क्रियापदं दिसली की थांबून विचारायचं, कोण करणार? ग्रामसेवक, तहसीलदार, पाटबंधारे विभागाचा कार्यकारी अभियंता, जिल्हा नियोजन समिती का विधानसभा? ज्याच्या हातात तो अधिकार नाही त्याला निवेदन दिलं तर तो 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून पुढं ढकलतो आणि त्याची चूक पण नसते. आणि हो, प्रशासन झोपलंय, सुस्त आहे, जाग कधी येणार, प्रश्न ऐरणीवर आला, ही सगळी वाक्यं काढून टाका. वाचणारा अधिकारी चिडतो आणि बाकीचे वाचणारे ते न वाचताच पुढं जातात कारण ते रोजच छापून येतं.

माझ्या दुसऱ्या खर्ड्यात मागणी अशी झाली: एका वितरिकेवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला एक हंगाम पाणी मोजून द्या, म्हणजे हेक्टरवर पाणीपट्टी न लावता घनमापनानं, आणि जो कमी वापरेल त्याची पट्टी खरंच कमी येऊ द्या. ही काय माझ्या डोक्यातली आयडिया नाही, राज्यात २००५ चा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन असा कायदाच आहे आणि त्यात मोजून पाणी देणं आहे. हे कळलं तेव्हा मला जरा लाज वाटली कारण पहिल्या लेखात मी 'सरकारने कायदा करावा' असं लिहून बसलो होतो. तेव्हा कायदा मागायच्या आधी तो आहे का बघा. असला तर तुमचं काम निम्मं झालं, कारण नवीन काही करा म्हणण्यापेक्षा तुम्हीच ठरवलेलं करा म्हणणं कधीही सोपं.

परत तात्यांकडं गेलो. "मीटर कोण बसवणार? आणि वरच्यानं दार उचलून पाणी घेतलं तर मीटर काय करणार?" म्हणजे परत कागद घेऊन बसणं आलं. पण हे दोन प्रश्न तसेच्या तसे लेखात टाकले, पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं अर्धंच देता आलं आणि तसं लिहिलं. अर्धं आहे म्हणून सांगितलं की उरलेल्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव.

आता पैसा. धोरणावरचे बहुतेक लेख पैशाच्या दारात येऊन चप्पल न काढताच परत फिरतात. यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधानपरिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८. रोजगार हमीची कल्पना त्यांची. सगळी मागणी तीन शब्दांत मावते, 'मागेल त्याला काम'. पण नुसत्या तीन शब्दांवर काय होत नाही. आधी १९६५ ला तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणात करून बघितलं, मग १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, कायदा १९७७ ला झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि पैसा कुठून, तर १९७५ ला नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात ना, ते तिथून आलेत. २००५ ला केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्रात त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली होती. म्हणजे काय पाहिजे, आधी कुठं करून बघायचं, खर्च कुणाच्या खिशातून, ही तिन्ही उत्तरं तयार. तुमच्या लेखात यातलं तिसरं नसेल तर वित्त विभागातला माणूस पहिल्या पानावरच पेन खाली ठेवतो.

पैशाचं शोधायचं कसं? शासन निर्णय, आपण जीआर म्हणतो ते, उघडा आणि सरळ शेवटाकडं जा. वरची प्रस्तावना गोड असते, खरं काय ते खाली 'लेखाशीर्ष' लिहिलेलं असतं तिथं. खर्च कुठल्या खात्यातून भागवायचा ते तिथं कळतं. लेखाशीर्षाचा उल्लेखच नसेल तर ती योजना अजून हवेत आहे असं समजायला हरकत नाही. जे जीआरमध्ये मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. लोक याला शिव्या घालतात पण मी सांगतो, एक विषय १५० शब्दांत मांडायची ही फुकटातली ट्रेनिंग आहे.

आकडे वापरायचे तर वाचणाऱ्याच्या अंगाला लागतील असे वापरा. कोयना धरण १०५.२५ टीएमसी, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं, हे आपण तोंडपाठ म्हणतो, पण टीएमसी म्हणजे केवढं हे दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, मला पण येत नव्हतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अंदाजे २८३१ कोटी लिटर. आता सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ५ लाख, माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर एवढ्या शहराला एक टीएमसी पाणी जवळजवळ चौदा महिने पुरतं. हे वाक्य मी लेखात टाकल्यावर शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा टीएमसीवर प्रश्न विचारला. पुरावर लिहायचं असेल तर सांगलीकराला क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सांगू नका, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट सांगा, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. फुटांवर लोक आपला जिना आठवतात, कितव्या पायरीला पाणी होतं ते. बाकी एका लेखात तीनपेक्षा जास्त आकडे घालू नका. (या लेखात मीच घातलेत, पण हा शिकवायचा लेख आहे.)

आणि आपल्याला जेवढं माहिती आहे तेवढंच बोला. महात्मा फुल्यांनी, त्यांचं मूळ घराणं शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं ते मिळालं तर जरूर वाचा. सुरुवातीलाच ते सांगतात की माझा शिक्षणाचा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. कुठंही छाती फुगवलेली नाही. मग मुद्दा असा की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. आणि मागणी नेमकी, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. निवेदन इंग्रजीत, कारण वाचणारे साहेब. मर्यादा, पैसा कुणाचा, मागणी काय, वाचणार कोण, सगळं आलं की. दीडशे वर्षं होत आलीत आणि आपण अजून 'संबंधितांनी लक्ष द्यावे' लिहितोय.

वेळेचं थोडक्यात सांगतो. राज्याचं बजेट मार्चमध्ये येतं, त्यामुळं पैशाची मागणी एप्रिलमध्ये करून उपयोग नाही, दिवाळी झाली की लागायचं. पुरावर लिहायचं तर पाणी अंगणात असताना सगळेच लिहितात, तुम्ही फेब्रुवारीत लिहा, तेव्हा अधिकाऱ्याला वाचायला वेळ असतो. विकास आराखड्याच्या हरकतींना मुदत असते, ती जाहिरातीत बघून घ्या, एक दिवस चुकला तरी कागद बाद.

निवेदन असेल तर 'विषय' या ओळीतच मागणी टाका. 'पाणी प्रश्नाबाबत' असा विषय लिहिला तर आवक-जावकच्या क्लार्कला पण कळत नाही कुठल्या फायलीत लावायचं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून घ्या, पोच नसेल तर तुम्ही काही दिलंच नव्हतं असं धरतात.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, आणि शक्यतो त्या नाही म्हणणाऱ्यासमोरच. जिथं तो मध्येच बोलतो तिथं लेखात भोक आहे. तात्या माझ्या तिसऱ्या खर्ड्यात एकदाच बोलले, मीटरच्या खर्चावर. पटलं का विचारलं तर म्हणले, "ऊस तर मी लावणारच हाय. पर पाणी मोजून देत असतील तर पहिलं आमच्या पोटपाटावर द्या म्हणावं." पोटपाट म्हणजे रानापर्यंत येणारा छोटा पाट. मी हे वाक्य जसंच्या तसं लेखाच्या शेवटी टाकलं, मला ते सगळ्यात भारी वाटत होतं. पेपरवाल्यांनी जागा नाही म्हणून लेख खालून कापला आणि नेमकं तेच गेलं. तेव्हापासून जे काही हातचं जाऊ द्यायचं नाही ते मी दुसऱ्या पॅरात टाकतो.