"परत चहा मागवलास?" – महागड्या दार्जिलिंगवरून घरात होणारी कटकट अशी मिटली

प्रॉब्लेम असा की १०० ग्रॅम फर्स्ट फ्लश (म्हणजे हंगामातल्या पहिल्या तोडणीचा चहा) १२०० रुपयांना, आणि पार्सल आलं की बायकोचा एकच प्रश्न, "एवढ्यात तीन किलो साधी पावडर येते ना?"

आधी किंमत लपवून बघितली (बँकेचा मेसेज तिच्याच फोनवर येतो), मग मार्च-एप्रिलची पहिली तोडणी वगैरे लेक्चर दिलं, मग तिला दूध-साखर घालून उकळून दिला, तो तर गुन्हाच होता. वर्षभर डोकं उठलं होतं.

शेवटी चाललं ते या क्रमाने: आधी छोट्या वजनकाट्यावर एका कपाची पत्ती मोजली, अडीच ग्रॅम, म्हणजे पाकिटात ४० कप, कप ३० रुपये. मग तिच्यासमोरच पाणी उकळून दोन मिनिटं थांबलो, पत्तीवर ओतलं, तीन मिनिटांनी गाळलं, दूध नाही. तीच पत्ती परत वापरली, यावेळी चार-पाच मिनिटं, म्हणजे कप १५ वर आला, आणि हे तिने स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं, मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर लिमिट ठरवलं, दोन महिन्यांत एकच पाकीट आणि तेही माझ्या बाहेरच्या कॉफीच्या पैशातून.

नवीन केटल घ्यायचा विषय अजून काढलेला नाही.