फोन नंबरातलं अधिकचं चिन्ह

परदेशात जाऊन तिथलं नवं सिम घालण्याआधी एक काम उरकून टाका. मोबाइलमधले सगळे नंबर अधिकचं चिन्ह (+) आणि देशाचा कोड लावून सेव्ह करा. भारतात नुसत्या दहा आकड्यांवर भागतं, पण परदेशी सिम त्याच दहा आकड्यांना तिथलाच नंबर समजतं. मग आईला लावलेला फोन एकतर लागतच नाही, नाहीतर भलत्याच माणसाला जातो.

अधिकचं चिन्ह म्हणजे 'परदेशी लाइन द्या'. लँडलाइनवरून त्यासाठी आकडे फिरवावे लागतात: भारतात आणि युरोपात बहुतेक ठिकाणी ००, अमेरिका-कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११. मोबाइल ते आपलं आपण बघतो.

खरा घोळ शून्याचा. ब्रिटनमधला मोबाइल नंबर तिथल्या तिथे ०७ने सुरू होतो. घरी कळवताना तो +४४ ७ असा सांगायचा, शून्य गाळून. काही जण कार्डावर +४४ (०) असं छापतात, त्यातला कंसातला शून्य परदेशातून फिरवायचा नाही. इटली मात्र हट्टी. तिथल्या लँडलाइनचा शून्य ठेवावाच लागतो, म्हणून रोमचा नंबर +३९ ०६ असा.

हे कोड ठरवते जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. पहिल्या आकड्यावरून साधारण प्रदेश कळतो: २ बहुतांशी आफ्रिका, ३ आणि ४ युरोप. ९१ भारताला दिल्यावर ९१ने सुरू होणारा तीन आकडी कोड कुणालाच मिळत नाही. ९७ कुणा एका देशाचा नाही, म्हणून ९७१ अमिरातीला आणि ९७७ नेपाळला देता आला. त्यामुळे कोड कुठे संपला हे यंत्रणेला वेगळं सांगावं लागत नाही. कोड धरून अख्खा नंबर जास्तीत जास्त १५ आकडी. नकाशा बदलला की कोडही बदलतात: पूर्व जर्मनीचा ३७ मोकळा झाला आणि ३७० लिथुआनियाला, ३७१ लाटव्हियाला, ३७२ एस्टोनियाला गेला.

+१ दिसला की 'अमेरिका' म्हणून मोकळे होऊ नका. कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देशही त्यातच येतात. +१ ८७६ म्हणजे जमैका. अनोळखी मिस्ड कॉलला उलटा फोन लावलात, तर बिल परदेशी कॉलचं येऊ शकतं. आणि +४४ दिसला म्हणून फोन ब्रिटनमधूनच आला असं धरू नका. स्क्रीनवरचा नंबर खोटा दाखवता येतो, तेव्हा बँकेचं नाव सांगून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरावर स्वतः फोन करा.