कर्णावर कादंबरी लिहिताना या चुका टाळा

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. एकात कर्णाला डोक्यावर घेतले आहे, दुसऱ्यात त्याची झाडाझडती आहे, आणि तरीही दोन्ही वाचावीशी वाटतात. तेव्हा नव्या लेखकाने कोणती बाजू घ्यावी हा प्रश्न गौण आहे; ती बाजू मूळ प्रसंगांवर उभी आहे की ऐकीव माहितीवर, हे आधी पाहावे.

ऐकीव माहिती फसवी असते. 'मी सूताला वरणार नाही' हे स्वयंवरातील वाक्य आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हा मयसभेतील टोमणा यांवर नव्या लेखकांच्या कित्येक हस्तलिखितांचा सगळा डोलारा उभा असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत मात्र ही दोन्ही वाक्ये नाहीत. म्हणून ती वापरूच नयेत असे नाही, कारण कादंबरीकार काही संशोधनपत्रिका लिहीत नसतो. परंतु कर्णाचा सारा सूड अशा एका वाक्यावर टांगायचा असेल, तर ते जाणूनबुजून करावे.

त्याहून मोठी चूक म्हणजे नायकाला धुऊन स्वच्छ करणे. द्यूतसभेत द्रौपदीला अपशब्द वापरणारा आणि तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गोधन पाहायला गेले तेव्हा, गंधर्वांनी रथ मोडल्यावर दुसऱ्याच्या रथात चढून पळणाराही तोच. हे प्रसंग गाळले किंवा दुसऱ्याच्या माथी मारले, की उद्योगपर्वातील त्याची सर्वांत हलवून टाकणारी कबुली निरर्थक होते: दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना जे कटू बोललो, त्याचा आज ताप होतो, असे तो कृष्णाला सांगतो. ज्याने काही केलेच नाही, त्याला पश्चात्ताप कशाचा होणार?

कादंबरी मध्येच रखडली असेल, तर बहुधा ती जन्मापासून सुरू केलेली असते. पेटी, नदी, राधा, परशुरामांचा शाप हा क्रम वाचकाला पाठ असतो आणि पुढे काय होणार या उत्सुकतेवर तो तग धरत नाही. अशा वेळी काळाचा पट आवळून पाहावा. कृष्ण हस्तिनापुराहून निघताना कर्णाला रथात घेतो, जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो आणि वर विनवतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्या हाती आले तर मी दुर्योधनालाच देऊन टाकीन. या भेटीपासून कुंतीच्या भेटीपर्यंतचा अवधी एका कादंबरीला पुरून उरेल, आणि बालपण त्यात आठवणींतून हवे तेवढेच येईल.

संवादांबाबत एवढेच, की प्रत्येक पात्राने प्रवचन देऊ नये. अधिरथ सारथी आहे, त्याने घोड्यांविषयीही बोलावे.

राहिला तपशील. अधिरथाच्या घरी ठेचा वाटला जात असेल, तर तो खोडावा, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा, मका आणि पेरूही पलीकडच्या खंडातलेच. तिखटासाठी मिरे, पिंपळी आणि आले आहेतच.